तुमचं आडनाव कुठून आलं? एका साध्या प्रश्नाचं संशोधन



पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "दादा, रिसर्च मेथडॉलॉजीचं पुस्तक वाचून झालं, गृहीतकाची व्याख्या पाठ आहे, पण संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात?"

आज त्याचं उत्तर मी माझ्या विषयातून देणार नाही. माझी पीएचडी द्राक्षावरच्या भुरी रोगावर चालू आहे आणि बुरशीचे बीजाणू मोजण्यात सगळ्यांनाच रस असेल असं नाही. त्यापेक्षा असा विषय घेऊ, ज्याचा नमुना आत्ता या क्षणी तुमच्याकडे आहे. तुमचं आडनाव.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगतो. आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागा बघायला परदेशी पाहुणे येणं नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी एका जर्मन संशोधकाबरोबर प्लॉट बघत होतो. चहा पिताना ते म्हणाले, माझ्या आडनावाचा अर्थ गिरणीवाला. तुझ्या आडनावाचा काय? मी छातीठोकपणे सांगितलं, "पवार म्हणजे मूळचे परमार. राजघराणं." त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "हे तुला कशावरून माहीत?"

मी गप्प. व्हॉट्सअ‍ॅपवरून, असं सांगायची लाज वाटली.

गप्प बसायला आणखी एक कारण होतं. माझ्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत पवार हे आडनावच नाही. ते प्रकरण शेवटी सांगतो, कारण ते समजायला मधला सगळा इतिहास लागतो.

आधी खण पाडा

कुठल्याही संशोधनाची सुरुवात बहुतेक वेळा वर्गीकरणाने होते. जर्मन आडनावांचे अभ्यासक त्यांचे साधारण चार खण पाडतात. बापाच्या नावावरून आलेली: पीटर्स, हान्सेन. ठिकाणावरून आलेली: बायर, म्हणजे बव्हेरियाचा. धंद्यावरून आलेली: म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासे धरणारा, वेबर म्हणजे विणकर. आणि रूप-स्वभावावरून आलेली: क्लाइन म्हणजे लहानखुरा, लांग म्हणजे उंच, श्वार्त्स म्हणजे काळा. म्युलर हे आज जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे.

जर्मन मुलखात ही आडनावं बाराव्या शतकापासून आधी शहरांत आणि मग खेड्यांत रुजत गेली. कारण व्यवहारी होतं. शहरं वाढली, करार आणि करवसुली कागदावर आली, आणि एका आळीत दहा योहान निघायला लागले. मग कोणता योहान? गिरणीवाला. उंच. पीटरचा. बव्हेरियातून आलेला.

आता हेच चार खण घेऊन मराठी आडनावं त्यांत टाकून बघा. काही झटकन बसतात. काळे आणि श्वार्त्स सख्खे भाऊ शोभतात. गोरे, टकले, गोडबोले, एकबोटे एका खणात. लोहार, सुतार, शिंपी, कासार, तांबट दुसऱ्यात. पुणेकर, नाशिककर, वणीकर तिसऱ्यात.

इथे थांबा, कारण नवशिका संशोधक इथेच घसरतो. खण सारखा दिसला म्हणून आतला माल सारखा नसतो. श्मिटच्या मुलाने शिवणकाम केलं तरी आडनाव श्मिटच राहिलं आणि काही पिढ्यांत त्या नावाचा धंद्याशी संबंध तुटला. आपल्याकडे लोहार हा धंदा होता, जातही होती. धंदा सुटला तरी जात सुटली नाही, आणि आडनाव त्या जातीची पाटी होऊन बसलं. तुलना करायची तर साम्याबरोबर हा फरकही त्याच पानावर लिहायला हवा.

रिकामा खण आणि भरून वाहणारा खण

वर्गीकरण केल्यावर दोन प्रश्न विचारायचे: कोणता खण रिकामा राहिला आणि कोणता ओसंडून वाहतोय? उत्तरं बहुतेक तिथेच लपलेली असतात.

मराठीत बापाच्या नावावरून पडलेल्या आडनावांचा खण जवळजवळ रिकामा आहे. मला याचं कारण सोपं वाटतं. बापाच्या नावाला आपल्याकडे आधीच हक्काची जागा आहे, मधली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जर्मनांकडे ती मधली जागा नव्हती, म्हणून बापाचं नाव शेवटी जाऊन बसलं. उत्तर जर्मनीतल्या फ्रिजलँडमध्ये तर दर पिढीला बापाच्या नावावरून नवं आडनाव लागायचं, ते 1811 साली नेपोलियनच्या राजवटीतल्या हुकुमाने थांबवावं लागलं. गोव्याचं उदाहरण घ्या. पोर्तुगीज काळात धर्मांतर झालेल्या घरांना फर्नांडिस, रॉड्रिग्ज अशी आडनावं मिळाली. त्यांचा मूळ अर्थ फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिगोचा मुलगा. म्हणजे बापाच्या नावाचा खण आपल्या किनाऱ्यावर आला तो बाहेरून, आयता.

भरून वाहणारा खण आहे हुद्द्यांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतदार, महाजन, देसाई, नाडकर्णी, इनामदार, हवालदार. शिवाय शेवटी 'नीस' असलेली सगळी फौज: फडणीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस, कारखानीस. हा 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फारसी लिहिणारा तो पारसनीस. जर्मनांकडेही हुद्द्याची आडनावं आहेत. शुल्त्स म्हणजे गावचा मुखिया, मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी. शुल्त्सला आपल्याकडे पाटील म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पण आपल्याकडे या खणाचा पसारा कितीतरी मोठा आहे, कारण इथे हुद्दा हे वतन होतं. बापाकडून मुलाकडे जाणारं, हक्क आणि मानपान बरोबर घेऊन जाणारं. हुद्दा वंशपरंपरेने चालला तर त्याचं नावही वंशपरंपरेने चालणारच.

यात एक गमतीची गोष्ट बघा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांनी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. दरबारातले शब्द बदलले. पण घराघरांत मुजुमदार आणि डबीर ही आडनावं तशीच राहिली, आजही आहेत. जर्मनीत उलटा प्रकार झाला. सोळाव्या शतकातल्या विद्वानांना साधं जर्मन आडनाव कमीपणाचं वाटायचं, म्हणून श्नायडरचा लॅटिन सार्टोरियस झाला आणि म्युलरचा मोलिटर. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो: त्या काळात कोणती भाषा प्रतिष्ठेची होती याचा ठसा आडनावात गोठून राहतो.

-कर म्हणजे निघून गेलेला माणूस

ठिकाणाच्या खणाबद्दल एक कोडं घालतो. दिंडोरीत राहणाऱ्या माणसाला दिंडोरीत कोणी दिंडोरीकर म्हणेल का? नाही म्हणणार. सगळेच दिंडोरीचे. तो नाशिकला किंवा पुण्याला गेला की मग तिथले लोक त्याला दिंडोरीकर म्हणतील. बायर हे आडनावही बव्हेरियाच्या बाहेर पडलेल्याला शोभतं, बव्हेरियात त्याने काहीच ओळख पटत नाही. म्हणजे -कर आडनाव बऱ्याचदा 'आम्ही इथले' असं सांगत नाही, 'आम्ही तिथून निघालो' असं सांगतं. पुण्याजवळच्या होळ गावचे मल्हारराव इतके लांब गेले की होळकरांची राजधानी माळव्यात झाली आणि आपल्या चांदवडला त्यांचा रंगमहाल उभा राहिला. होळ मात्र आडनावात राहिलं.

हा अंदाज आहे, नियम नाही. सरकारी कागदावर कोणी गावाचं नाव घातलं की जागेवर बसलेला माणूसही -कर होऊ शकतो. म्हणून -कर दिसलं की स्थलांतराची शक्यता नोंदवायची आणि पुरावा वेगळा शोधायचा.

आडनाव नव्हतं तेव्हा

नाशिकला गेलात तर पांडवलेणी बघायला जरूर जा, पण फोटो काढून परत येऊ नका. तिथले शिलालेख म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओळखपत्रांचा संच आहे. सतराव्या लेण्यात दान देणारा स्वतःची ओळख अशी करून देतो: इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा, यवन, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा. बापाचं नाव आहे, समाज आहे, दिशा आहे, गाव आहे. जर्मनांच्या चारपैकी दोन खण तर एका ओळीत भरले. नाही ते एवढंच, पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा इतिहासात गौतमीपुत्र सातकर्णी म्हणून ओळखला जातो आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. दोन्ही नावं आईच्या गोत्रावरून. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा निर्णय घेतला तेव्हा बऱ्याच जणांना ते फार नवं वाटलं. सातवाहनांना वाटलं नसतं.

पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातले संत बघा. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार. इथे कुंभार, माळी, सोनार ही ओळख आहे, आजच्या अर्थाने रेशनकार्डावरचं आडनाव नाही. 'आडनाव' हा शब्दच बघा ना. आडवाट म्हणजे मुख्य रस्त्याच्या बाजूची वाट. तसं आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूचं नाव. मुख्य नाव तुमचं स्वतःचं. बाजूचं नाव गरजेपुरतं.

गरजेपुरतं, म्हणून बदलणारं

बाजूचं नाव बदलायला कोणाची परवानगी लागत नव्हती. तुकोबांच्या घराण्याचं कूळ मोरे, आडनाव आंबिले. कूळ वेगळं आणि आडनाव वेगळं, हे आपण आज विसरलोय. एका कुळातून अनेक आडनावं फुटतात आणि एकच आडनाव अनेक कुळांत असू शकतं.

जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं जुनं आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा घरात आला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या घराण्याचं मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीचं वतन आलं आणि सिद्धयांचे देशमुख झाले. श्रीवर्धनच्या भटांकडे 1713 मध्ये पेशवेपद आलं आणि त्यांना पेशवे म्हणायला लागले. धंदा बदलला, नाव बदललं. वतन आलं, नाव आलं. जर्मनीतल्या वेस्टफालियात तर एखादा गडी लग्न करून बायकोच्या शेतवाडीवर राहायला गेला तर त्या वाडीचं नाव त्याचं आडनाव व्हायचं. आपला घरजावई तेवढा तरी सुटला.

म्हणून पहिला धडा लिहून ठेवा: आजचं आडनाव दोनशे वर्षांपूर्वीही तेच होतं, असं गृहीत धरायचं नाही. ते सिद्ध करावं लागतं.

गोठवलं कोणी?

कागदाने. जर्मनीत आधी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, मग सरकारी हुकूम. ऑस्ट्रियात 1787 साली आणि प्रशियात 1812 साली ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावलं. 1 जानेवारी 1876 पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न, मृत्यूची नोंद सरकारी कचेरीत सक्तीची झाली. जपानने 1875 मध्ये सगळ्यांना आडनाव लावायला सांगितलं, तुर्कस्तानने 1934 मध्ये कायदाच केला.

आपल्याकडे असा एक कायदा आणि एक तारीख नाही. आपल्याकडे आडनाव थेंबाथेंबाने गोठलं. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून बसवलेली जमीन पाहणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. शेत कोणाच्या नावावर, हे कायमचं लिहायची वेळ आली. कोर्टकचेऱ्या आल्या, पलटणी आल्या, रेल्वेची नोकरी आली, 1872 ची शिरगणती आली. आणि सगळ्यात मोठा वाटा शाळेच्या जनरल रजिस्टरचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, आणि 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात लिहिलं गेलं भिवा रामजी आंबेडकर. जगाला माहीत असलेलं नाव शाळेच्या एका ओळीत पक्कं झालं.

पण रजिस्टर सगळ्यांशी सारखं वागलं नाही. वतनदार घरातला पोरगा आला की आडनाव तयार असायचं. दलित आणि आदिवासी घरांतली पोरं आली की कितीतरी नोंदींत आडनावाची जागा रिकामी दिसते, नाहीतर तिथे सरळ जात लिहिलेली दिसते. मग काही वर्षांनी दुसरे गुरुजी आले, त्यांनी धाकट्या भावाला विचारलं "आडनाव काय रे?" आणि पोराने जे सांगितलं ते लागलं.

बायकांच्या नावांचं काय?

वंशावळीच्या अभ्यासात निम्मी माणसं गायब असतात, हे विसरू नका. पाटलाची पाटलीण, कुलकर्ण्याची कुलकर्णीण, असं आपण अजूनही बोलतो. अठराव्या शतकात जर्मन लोकही आडनावाला 'इन' लावून बाईचं आडनाव करत. नाटककार लुइझ गॉटशेडला लोक गॉटशेडिन म्हणत, नटी कारोलिन नॉयबरला नॉयबरिन. पुढे 1900 च्या जर्मन नागरी कायद्याने नवऱ्याचंच आडनाव बायकोला लावलं आणि त्या सक्तीचा उरलेला अंश त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने 1991 मध्ये मोडून काढला. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, रीत आहे. पण रीत कायद्यापेक्षा जड असते. संशोधनात येणाऱ्या मुलींना एक सांगतो: पहिला पेपर ज्या नावाने छापाल तेच नाव शेवटपर्यंत चालवता येईल का, याचा विचार आधी करा. पेपर, पदवी आणि आधार यांवरची नावं जुळवत बसणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात.

विज्ञानवाल्यांनी लावलेला हिशोब

विज्ञान शाखेचा असल्यामुळे हा भाग गाळवत नाही. 1873 मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने एक प्रश्न छापला: खानदानी आडनावं नाहीशी का होतात? उत्तर दिलं हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने, आणि त्यातून जे गणित जन्मलं ते आज अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेपासून साथीच्या रोगांपर्यंत वापरतात.

गणित असं. गावात 100 पुरुष, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, पण कोणाला शून्य, कोणाला दोन, कोणाला तीन, सगळं योगायोगाने. पॉयसाँ वितरण धरून मी आकडेमोड केली. पहिल्याच पिढीत सुमारे 37 आडनावं संपतात. पाच पिढ्यांनंतर साधारण 27 उरतात, दहा पिढ्यांनंतर जेमतेम 16. कोणी कोणाला मारलं नाही, दुष्काळ नाही, लढाई नाही. म्हणून गावात एका आडनावाची पन्नास घरं दिसली की 'आमचे पूर्वज पराक्रमी' हा निष्कर्ष काढायच्या आधी योगायोगाला एक संधी द्या. आणि मॉडेलमध्ये काय बसत नाही तेही बघा. आपल्याकडे दत्तक होतं. वंश खुंटला तरी दत्तकाने आडनाव चालू राहायचं. या गणितात दत्तकाला जागा नाही.

दुसरा हिशोब चार्ल्स डार्विनच्या मुलाचा, जॉर्जचा. नवरा-बायकोचं लग्नाआधीचं आडनाव एकच असेल तर ते चुलतभावंडं असण्याची शक्यता वाढते, हे धरून त्याने 1875 मध्ये इंग्लंडमधल्या नात्यातल्या लग्नांचा अंदाज बांधला. युक्ती सुंदर आहे. आता ती आपल्या गावाला लावून बघा. आपल्याकडे भाऊबंदकीत लग्न होत नाही, पण मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक समाजांत होती. मामाच्या मुलीचं आडनाव वेगळंच असणार. म्हणजे नात्यातली लग्नं गावभर असली तरी जॉर्ज डार्विनची पद्धत इथे शून्य दाखवेल. परदेशी पद्धत उचलताना तिच्या पोटातलं गृहीतक आपल्या मातीत टिकतं का, हे तपासायचं असतं ते यासाठी.

आणि तिसरा सापळा, गोष्टींचा. बडोद्याच्या गायकवाडांबद्दल सांगतात की पूर्वजाने किल्ल्याच्या कवाडातून गायी आत घेतल्या म्हणून गायकवाड. गोष्ट गोड आहे. पण गायकवाड आडनाव कितीतरी जातींत, कितीतरी जिल्ह्यांत आहे. सगळ्यांच्याच पूर्वजांनी कवाड उघडलं का? एका घराण्याची गोष्ट ही त्या घराण्याच्या आठवणीचा पुरावा असते, सगळ्या आडनावाच्या उगमाचा नाही.

माझ्या आजोबांची रिकामी जागा

आता ते राहिलेलं प्रकरण. आम्ही कोकणा आदिवासी. तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या गावातले. एमएस्सीच्या वेळी जात पडताळणीची फाइल केली. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा, आणि 1950 पूर्वीच्या कागदाला जास्त वजन असतं. आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा त्याआधीचा. मी खूश. उतारा हातात आला तर आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, जमातीचा रकाना भरलेला, आणि आडनावाची जागा कोरी. धाकट्या आजोबांच्या उताऱ्यात आडनाव आहे, पण ते गावाच्या नावाला -कर लावलेलं. सातबाऱ्यावर पवार. तीन कागद, तीन माणसं वाटावीत अशी एका घराची माहिती.

फाइलला त्रुटी निघाली. "हे तुमचेच आजोबा कशावरून?" जर्मन पाहुण्याने पुढे बागेत विचारला तोच प्रश्न, फक्त इथे उत्तरावर माझी जागा आणि फेलोशिप टांगलेली होती. गावातले दोघं म्हणाले, पवार आहेस ना, मग झालं की. पण पवार मराठ्यांत आहेत, कोकणांत आहेत, भिल्लांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत, दलितांत आहेत. आडनावाने माझी जमात सिद्धही होत नव्हती आणि खोटीही ठरत नव्हती. आडनाव हा तिथे पुरावाच नव्हता.

मग जे केलं ते खरं तर माझं पहिलं संशोधन. तलाठी कार्यालयातून फेरफार काढला. पणजोबा गेल्यावरचा वारसाचा फेरफार. त्यात एका जमिनीवर दोघा भावांची नावं एकाखाली एक, बापाचं नाव तेच. मग गाव नमुना 14, ज्याला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, त्यात आजोबांच्या जन्माची नोंद. गावाचं नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, साल शाळेच्या वयाशी जुळलं. आडनाव बाजूला ठेवलं तेव्हा कुठे माणूस सापडला. प्रमाणपत्र मिळायला उशीर झाला, पण मिळालं. आजी तेव्हा म्हणाली, "आम्हाला नाव होतं, आडनाव तुम्हाला लागतं."

हे सगळ्यांच्याच बाबतीत इतकं सरळ होत नाही. ज्यांची जमीन नव्हती त्यांचा फेरफार नाही. ज्यांची पोरं शाळेत गेली नाहीत त्यांचा उतारा नाही. कागद नसणं म्हणजे माणूस नसणं नव्हे, हे इतिहास शिकणाऱ्याने कायम लक्षात ठेवायला हवं.

आता तुमची पाळी

येत्या रविवारी हे करून बघा.

1. तुमच्या आडनावाबद्दल घरात जी गोष्ट सांगतात ती लिहा. कोणी सांगितली, त्यांना कोणी सांगितली, हेही लिहा. ही गोष्ट म्हणजे तुमचं गृहीतक.

2. ते कोणत्या खणात बसतं ते ठरवा. दोन खणांत बसत असेल तर दोन्ही लिहा.

3. आजपासून मागे जा, उलटं नको. आधी स्वतःचा दाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा. परमारांपासून सुरुवात केली की वाटेतली सगळी भोकं कल्पनेने भरली जातात. सातबारा, फेरफार, क-ड-ई पत्रक, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर. घरातले कोणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला विधी करून आले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ सापडू शकते.

4. जुना कागद मोडीत असेल तर घाईने वाचू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो, शब्दही तोडून लिहिलेले नसतात. वडिलांच्या नावाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात कुठे, इथेच वाचणारा फसतो. मोडी शिका; महिन्या-दोन महिन्यांत सरावाने अक्षरं लागायला लागतात.

5. प्रत्येक कागदावर फक्त आडनाव बघू नका. गाव, बापाचं नाव, जमीन, साल, यांतल्या किमान तीन गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच धरा.

6. शेवटी लिहा: कागदाने काय सांगितलं, घरच्या गोष्टीने काय सांगितलं, आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत. न जुळणारी जागा खोडू नका. तिथेच तुमचा पुढचा प्रश्न आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड छापला तो याच हट्टापोटी, की आधी मूळ कागद, मग मत. त्या हट्टासाठी ते गावोगाव फिरले. तुम्हाला सुरुवातीला तलाठी कार्यालयापर्यंत गेलं तरी पुरे.

आणि 'पवार म्हणजे परमार' याचं पुढे काय झालं? माझ्या घराची कागदाची वाट पणजोबांपाशी थांबते. त्यापलीकडे मी राजा शोधायला गेलो नाही. पुढच्या वेळी कोणी अर्थ विचारला तर मी सांगणार आहे की हे आडनाव आमच्या घरात सातबाऱ्यावर पहिल्यांदा दिसतं, आणि त्याच्या आधी तिथे एक कोरी जागा आहे. कशावरून, असं विचारलं तर दाखवायला कागद आहे.

तुमच्या घरची न जुळणारी जागा सापडली तर मला नक्की कळवा. पुढच्या वेळी तुमच्या उदाहरणांवरून संशोधनाचा प्रश्न कसा लिहायचा ते बघू.